बापदेवाची पाल

आईबापांनी नाव ठेवलं कोकिळा. ठेवताना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की ही पोर मोठेपणी तोंड उघडेल तेव्हा पलीकडच्या वाडीतली गुरं दावी तोडतील! शिरखोल गावात तिच्याशी भांडायला कुणी उभं राहत नसे. पाटलाचा कुत्रासुद्धा तिचा आवाज ऐकला की शेपूट घालायचा. "कोकळाबायच्या नाकावर राग बसलाय, तो उठायचं नाव घेत न्हाय," असं बाया विहिरीवर बोलायच्या. बोलण्याआधी मात्र मागं वळून बघायच्या.

बोलणाऱ्यांचं काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या रागाला कारण होतं आणि ते कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही जे गाव एका बाईला तापट म्हणून मोकळं होतं, त्या गावाला काय म्हणावं?

शिरखोल म्हणजे कुंडलिकेच्या खाडीकाठचं भातवाल्यांचं गाव. मागं डोंगर, पुढं खाडी. पावसाळ्यात ओढे फुगले की डोंगराची वाट बंद. मग अलिबागला जायचं तर होडीनं खाडी ओलांडायची आणि पलीकडून बैलगाडी करायची. होड्या बांधायच्या जागेपाशीच बापदेवाचं ठाणं. शेंदूर फासलेला एक पाषाण, त्याच्यामागं जुनी सागवानी फळी, वर कौलं, आणि पुढं पाणी साठायला दगडी कुंडी. एवढंच. गुरव होता शिवदास, आणि देवापेक्षा त्याचाच रुबाब जास्त.

या बापदेवाचा एक रिवाज होता. पावसाळ्यात त्याला विचारल्याशिवाय खाडीत होडी घालायची नाही. कुठल्याशा पणज्याच्या काळात भरली होडी बुडाली, तेव्हापासूनचं हे. विचारायचं कसं, तर शिवदास गुरवानं पाषाणावर पाण्याची घागर ओतायची, हात जोडून प्रश्न करायचा आणि कान द्यायचा. फळीमागची पाल चुकचुकली की देव "नको" म्हणाला. पाल गप्प राहिली की "जा" म्हणाला. ती पाल कधी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. देवाची पाल ती, उठसूट कुणालाही दिसते होय!

रिवाजाचा दुसरा भाग याहून वाईट. देवानं "नको" म्हटलेलं आजारी माणूस गावातच गेलं, तर त्याच्यासाठी रडायचं नाही. देवानं त्याला ठेवून घेतलं. अशा माणसासाठी गळा काढायचा म्हणजे देवाला चोर म्हणायचं. गुपचूप तिरडी बांधायची, गुपचूप पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जायचं.

कोकिळा लग्न होऊन या गावात आली, तिनं हे ऐकलं, आणि सगळ्यांसारखं तिनंही ते खरं मानलं. पंचवीस सालापर्यंत मानलं.

पंचवीस सालच्या श्रावणात तिचा धर्मा गेला. थोरला पोरगा, मिसरूड फुटायला आलेलं. बांधावरचं गवत कापताना विळा सटकला आणि पोटरीत घुसला. आधी हळद भरली, मग पाला बांधला. पण पाय सुजून केळीच्या खुंटासारखा झाला, काळानिळा पडला, जखमेला वास यायला लागला. गावची सुईण चंद्राबाई जडीबुटीतलीही जाणकार होती. तिनं जखम बघितली आणि हात वर केले. "ह्ये माज्या हातचं न्हाय. अलिबागच्या दवाखान्यात न्या, पाय तोडतील, पण पोर ऱ्हाईल."

धर्माचा बाप भागोजी. मऊ माणूस, देवभोळा, मुंगी ओलांडून जाणारा. तो बापदेवापुढं जाऊन उभा राहिला, मागं कोकिळा. शिवदासनं घागर ओतली, विचारलं, आणि फळीमागून आवाज आला. टक्, टक्, टक्.

"देव नको म्हंतोय," शिवदास म्हणाला. झालं! भागोजी मान खाली घालून घरी आला. धर्मा पुढं चार दिवस तापात बडबडत होता, आईचा हात सोडत नव्हता. मग गेला.

कोकिळानं हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तर शेजारणींनी तिच्या तोंडात पदर कोंबला. तिचा स्वतःचा पदर! "नको गो बाय, देवाला दोष लागंल." चौघींनी धरून ठेवली होती तिला. बाहेर भागोजी खांबाला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसला होता, कारण पाटलानं त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "देवानं ठेवून घेतलाय, भागोजी. रडायचं न्हाय." आणि बैलासारखं मुकाट ऐकून तो रडला नाही. पोटात राहिलेलं रडू नासतं. दूध नासावं तसं. कोकिळाचं नासलं आणि त्याचा राग झाला.

पहिला राग पालींवर. घरात पाल दिसली की ती केरसुणी उचलायची. "पाल मारली की पाप लागतं गो," असं जाऊबाई म्हणाली, तर हिनं तिलाच केरसुणी दाखवली. "लागू दे पाप! माजा पोरगा खाल्ला तवा कुटं गेलतं पाप?" पाटीभर पाली मारल्या असतील तिनं. गाव म्हणालं, पोरगा गेल्यापासून कोकिळाचं डोकं फिरलंय.

मग दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात काय झालं, ती न्हाणीत अंघोळीला बसली होती. भल्या सकाळची वेळ, बाहेर पाऊस लागलेला. तिनं पहिला तांब्या अंगावर ओतला आणि कोपऱ्यातून आवाज आला. टक्, टक्, टक्.

तळपायाची आग मस्तकात गेली. तोच आवाज! बापदेवाच्या फळीमागचा, तोच. तसाच ओला पदर गुंडाळून ती केरसुणी घेऊन आली आणि न्हाणीतलं सरपण उपसायला लागली. एकेक लाकूड काढून बाहेर भिरकावलं. पाल कुठंच नव्हती. शेवटी कोपऱ्यातल्या मेढीला चिकटलेलं एक तपकिरी ढेकूळ दिसलं, आणि त्या ढेकळानं डोळे उघडले.

बेडूक होता. उभ्या लाकडाला चिकटलेला बेडूक! तिच्यादेखत त्यानं गळा फुगवला आणि म्हणाला, टक्, टक्, टक्.

कोकिळाची केरसुणी वरच राहिली. दुसरी कुणी असती तर किंचाळून पळाली असती, कारण असला भिंतीवरचा बेडूक अंगावर मुतला की माणूस आंधळा होतो, असं कोकणात पोराटोरांना ठाऊक असतं. कोकिळा पळाली नाही. ती खाली बसली, आणि अंगावरचं पाणी निथळत असताना त्या बेडकाकडे बघत राहिली. त्याला मारायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण मारला तर विचारणार कुणाला?

आणि त्या दिवसापासून ती बघायला लागली. राग माणसाला आंधळं करतो म्हणतात. कोकिळाला रागानं डोळे दिले. शेतातला बेडूक तिला ठाऊक होता, जन्म चिखलात गेलेला. हा तो नव्हे. शेतातला बेडूक भिंत चढत नाही. याच्या बोटांच्या टोकांना मुगाच्या डाळीएवढ्या गोल चकत्या, त्या लाकडावर टेकल्या की हा बसला चिकटून. दिवसा पाय पोटाशी घेऊन असा निजतो की चुन्याचा पोपडा वाटावा, रंगही तसाच फिका. दिवेलागणीला तोच गडद होतो, पाठीवर काळे ठिपके उमटतात. मांडीच्या मागच्या अंगाला पिवळे ठिपके, ते मात्र तो पाय लांब करील तेव्हाच दिसायचे. लाकूडतोड्यानं दांड्यानं ठोकावं तसा आवाज, आणि तोही पावसाळ्यातच. त्यातही अंगाला पाणी लागलं की हमखास. पाल बोलते ती बाराही महिने, भर उन्हाळ्यातसुद्धा, आणि तिचं चुकचुकणं बारीक. एकदा दोन्ही शेजारी शेजारी ऐकले की शेंबड्या पोरालाही फरक कळेल. पण ऐकतो कोण? गावानं पिढ्यान्‌पिढ्या कान शिवदासच्या घराण्याकडे गहाण टाकलेले!

तिनं असल्या बेडकाला नाव दिलं चिकट्या. त्याला हातात धरायला शिकली. काखेत दोन बोटं घालून नराला धरलं की तो कुरकुरतो, टक् टक् करतो, सोड म्हणतो. धरून झाल्यावर हात धुवायचे, की झालं. ती आंधळी झाली नाही.

एका आषाढात पहाट फुटताना ती चुलवण पेटवायला न्हाणीत गेली, तर सांडपाण्याच्या खड्ड्यावर भिंतीला दोन चिकटे. मोठी मादी, तिच्या पाठीवर छोटा नर, आणि मादी मागच्या पायांनी ढवळत होती. ढवळता ढवळता पांढरा फेस होत गेला, रिठे घुसळल्यासारखा. उजाडल्यावर लिंबाएवढा गोळा भिंतीला चिकटलेला राहिला. काही दिवसांनी त्यातून बारीक शेपटीवाली पिल्लं टपटप खालच्या पाण्यात पडली.

आणि कोकिळाच्या अंगावर काटा आला. कारण असे गोळे तिनं आधी पाहिले होते. बापदेवाच्या कुंडीवर!

दर आषाढात बापदेवाच्या कुंडीवरच्या भिंतीला असेच पांढरे गोळे लागत. शिवदास गुरव त्याला "देवाचं लोणी" म्हणायचा. देवाला लोणी आलं, की वर्ष बरं जाणार. बाया लांबून हात जोडायच्या, पुरुष कुंडीपुढं नारळ फोडायचे. बेडकाच्या अंड्यांपुढं नारळ! हसावं की रडावं? कोकिळाला दोन्ही जमलं नाही. ती तडक धक्क्यावरच्या ठाण्याकडे गेली. शिवदास नारळ फोडत होता, पाचपन्नास माणसं उभी होती, आणि सगळ्यांपुढं ती ओरडली.

"लोनी न्हवं ते! अंडी हायत बेडकाची! आन् तुमच्या फळीमागं पाल न्हाय, बेडूक हाय बेडूक! पानी पडलं की बोलतो. माज्या न्हानीत या, दावते तुमाला!"

हशा पिकला. बाबाजी पाटील, गावचा म्होरक्या, धोतराचा सोगा सावरत म्हणाला, "कोकळे, बेडूक भिताडावर चढतो व्हय? उद्या म्हशी माडावर चढतील."

"या ना बघायला! का भ्या वाटतंय?"

बघायला कुणी आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! उलट संध्याकाळी बैठक बसली आणि ठरलं, की कोकिळानं देवाच्या दारात नाक घासावं, नाहीतर घर वाळीत. कोकिळा म्हणाली, "नाक कापून घ्या, पन घासनार न्हाय." तेव्हा भागोजी उठला. बापदेवापुढं गेला आणि बायकोच्या वतीनं त्यानं नाक घासलं, कातडं निघेपर्यंत. घरी आल्यावर कोकिळानं त्याच्या नाकाला खोबरेल लावलं आणि लावता लावता त्याला इतकं बोलली, इतकं बोलली, की शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. तो एवढंच म्हणाला, "राहीला उजवायची हाय अजून. वाळीत पडून कसं चालंल?"

राही ही त्यांची धाकटी, आता एकुलती. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली तिचं लग्न झालं. पलीकडच्या काठावरचंच सासर, चांगली माणसं. कोकिळा त्यानंतर गावाशी कामापुरती बोलायची, बापदेवाशी तेवढंही नाही. ठाण्यावरून जाताना थुंकायची मात्र ती कधी विसरली नाही.

चौतीस साली राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पुन्हा श्रावण. तिला कळा लागल्या, एक दिवस गेला, दुसरा गेला, पोर काही सुटेना. तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई बाहेर आली. म्हातारी झाली होती आता, हात थरथरत होते. ती कोकिळाला बाजूला घेऊन म्हणाली, "आडवं आलंय. हात भायेर आलाय पोराचा. अलिबागला न्या, आत्ताच्या आत्ता. न्हायतर दोनी जातील."

तेच घर, तोच महिना, तीच चंद्राबाई, तेच बोलणं! पण ती रडली नाही, तिनं चादरीची डोली बांधायला घेतली. राही आत विव्हळत होती, "आये, मला खाडीपल्याड ने. मला दादासारखं ठेवू नको." ते ऐकून डोलीची गाठ कोकिळानं अशी आवळली, की पुढं ती सोडवायला विळा लागला.

भरती होती. ती ओसरली की चिखल उघडा पडणार आणि होडी संध्याकाळपर्यंत हलणार नाही. होडीवाला भिकू कोळी धक्क्यावर तयार होता, पण दोरीला हात लावीना. "मावशे, मी नेतो. पर देवाला न इचारता दोर सोडनार न्हाय. माझी बी पोरंबाळं हायत." तोवर भागोजी शिवदासला बोलावून घेऊन आलाच होता, मागं बाबाजी पाटील, मागं अर्धं गाव. राहीची डोली भेंडीच्या डेरेदार झाडाखाली टेकवली. पाऊस भुरभुरत होता.

शिवदासनं घागर ओतली. "बापदेवा, भागोजीची लेक अडलीया. खाडीपल्याड न्यायाची. तुजी आज्ञा सांग."

टक्, टक्, टक्.

लोकांनी सुस्कारे सोडले. कुणी चुकचुकलं. बाबाजी पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं. "देवाची मर्जी," तो म्हणाला. आणि भागोजी ओल्या जमिनीवर बसला, खाली मान घालून, अगदी त्या वेळेसारखा.

कोकिळानं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा डोलीकडे. मग ती चालायला लागली. बापदेवाच्या चौथऱ्यावर बायकांनी पाय ठेवायचा नसतो. तिनं ठेवला. चिखलानं भरलेला, जोरात ठेवला.

"ए! ए कोकळे! इटाळ व्हईल!"

"व्हऊ दे! तुज्या देवाला इटाळ व्हईल, माजी पोर मरंल! काय म्होटं हाय?" तिनं शिवदासला खांद्यानं बाजूला सारलं आणि पाषाणाच्या मागं, फळीच्या फटीत हात घातला. कोपरापर्यंत. बाया ओरडल्या, एकीनं डोळे झाकून घेतले. कोकिळा चाचपत होती. ओलं लाकूड, शेवाळ, मग गारगार मऊ काहीतरी. तिनं ते अलगद काढलं.

चिकट्या. फिका, चुन्याच्या रंगाचा. हातावर येताच त्यानं घाबरून धार सोडली. गर्दी दोन पावलं मागं सरकली. "गेली! आंधळी झाली!"

"आंधळी?" कोकिळानं तो ओला हात सगळ्यांदेखत आपल्या दोन्ही डोळ्यांवरून फिरवला. चरचरलं असेल, डोळे लाल झाले, पाणी आलं. तिनं ते उघडेच ठेवले. "ह्ये बगा! दिसतंय मला! बाबाजी पाटील, तुमचं पागोटं तुमच्या हातात हाय, ते दिसतंय. शिवदासाचं थोबाड पडलंय, ते बी दिसतंय. आंधळे तुमी हाय, सगळे!"

तिनं चिकट्याच्या काखेत दोन बोटं घातली आणि त्याला वर धरला. टक्, टक्, टक्. सगळ्या गावानं ऐकलं. तिच्या हातातून, भर सकाळी, उघड्यावर. पोरं पुढं सरसावली. तिनं त्याचा पाय हलकेच ताणला, मांडीचे पिवळे ठिपके दाखवले, चकत्यांची बोटं दाखवली. "शेपूट हाय का ह्याला? सांग की रं शिवदास! पाल हाय ही?"

शिवदास खाली बघत रिकामी घागर चाचपायला लागला.

"आता वत पानी," ती म्हणाली. "वत दुसरी घागर. तुमच्याच रिवाजानं इचार."

शिवदासनं पाटलाकडे बघितलं. पाटलानं खाडीकडे बघितलं. शेवटी भिकू कोळीच म्हणाला, "वता की गुरव, भरती चाललीया." शिवदासनं घागर ओतली. तोच प्रश्न पुन्हा विचारला. पाणी पाषाणावरून ओघळलं, कुंडीत पडलं. फळीमागं काही नाही. पाऊस तेवढा कौलांवर वाजत होता.

"गप हाय," भिकू म्हणाला, आणि त्यानं दोर सोडला.

डोली उचलली गेली. कोकिळा भेंडीच्या झाडाशी थांबली, चिकट्याला खोडावर टेकवला. तो वर सरकला, पानात गेला. "जा मेल्या," ती म्हणाली. "पुन्ना देवाच्या घरात दिसलास तर तंगडी मोडीन." त्याचा तरी काय गुन्हा? तो आपला बायकोला हाका मारत होता. त्याच्या हाकेवर माणसं मारायची, हे त्याला कुणी सांगितलं होतं?

होडीत चढताना भागोजीचा हात शिवदासनं धरला आणि कानाशी लागून तो म्हणाला, "भागोजी, आज बेडूक आडवा आला बरं का. पर त्या खेपंला, धर्माच्या येळंला, पालच हुती. देवाची पाल." भागोजीनं मान डोलावली. होडीत बसलेल्या कोकिळानं ते ऐकलं, पण राहीचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

गावाचं पुढं काय झालं, तेही सांगून टाकावं. रिवाज मोडला नाही. असले रिवाज मोडतात होय! पुढच्या पावसाळ्यापासून शिवदास घागर ओतण्याआधी काठी घेऊन फळीमागं ढोसून घ्यायचा, एवढंच. आणि बेडूक निघाला नाही की म्हणायचा, बघा, आता जे बोलेल ती खरी पाल. पण "लोणी" शब्द पुन्हा कुणी काढला नाही, कोकिळा जिवंत असेपर्यंत तरी.

त्या दिवशी खाडी ओलांडली, गाडी मिळाली, आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला कोकिळा गाडीवानाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. दवाखान्यात पोचल्यावर राहीला आत घेतली आणि दार लावलं. व्हरांड्यात नवराबायको भिंतीशी बसली. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. बऱ्याच वेळानं आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि थोड्या वेळानं राहीचा आवाज. ती पाणी मागत होती. पाणी मागणारं माणूस जिवंत असतं. कोकिळानं डोकं भिंतीला टेकलं.

भागोजी जमिनीकडे बघत होता. नाकावरचा जुना वण बोटानं चोळत होता. मग म्हणाला, "धर्माची आये."

"काय?"

"त्या खेपंला... पालच असंल ना गं?"

कोकिळानं त्याच्याकडे बघितलं. हो म्हणणं सोपं होतं. एक शब्द, आणि हा माणूस मरेपर्यंत शांत झोपला असता. पण गेली नऊ वर्षं ती खोट्यापायीच जळत होती. आता ते खोटं आपल्या हातानं याच्या उशाशी ठेवायचं?

"न्हाय," ती म्हणाली. "त्योच आवाज हुता. मी ऐकलाय, तुमी ऐकलाय. बेडूकच हुता. देव न्हाय म्हनलाच नव्हता. देवानं न्हाय ठेवून घेतला आपला धर्मा. आपुन त्याला ठेवला. घरात. मरायला."

भागोजीचा चेहरा आधी हललाच नाही. मग त्याचं तोंड वाकडं झालं, आणि आतून असा आवाज आला, की व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. त्यानं गळा काढला. डोकं जमिनीवर आपटलं, छाती पिटली, धर्माच्या नावानं हाका मारल्या. एक म्हातारा त्याला आवरायला धावला, तर कोकिळा मध्ये आली. "हात लावू नका! रडू द्या त्याला. कुनी बी पदर कोंबायचा न्हाय!"

दार उघडून नर्सबाई धावत बाहेर आली. "अहो, काय चाललंय हे? मुलगी सुखरूप आहे तुमची. नातही सुखरूप आहे. रडता कशाला? कोण गेलं?"

"आमचा पोरगा गेला," कोकिळा म्हणाली.

"अगं बाई! कधी?"

"आत्ताच," ती म्हणाली, आणि भागोजीशेजारी खाली बसून तिनंही गळा काढला.